रूट बीअरला गुण द्यायचे तर आधी तिचा गॅस उतरू द्या

प्रश्न: गेल्या वर्षी नोकरीसाठी मिलवॉकीला आलो. आमच्या ऑफिसात दर उन्हाळ्यात रूट बीअर चाखायचा कार्यक्रम असतो. प्रत्येकजण आपल्या आवडीची बाटली आणतो आणि सगळ्यांत नवखा माणूस परीक्षक होतो. यंदा ते लोढणं माझ्या गळ्यात पडलंय. एकूण बारा बाटल्या असतील. मी आजवर एकदाच रूट बीअर प्यायलोय, तेव्हा आयोडेक्स प्यायल्यासारखं वाटलं होतं. यातली चांगली-वाईट ओळखायची कशी? गुण द्यायचे ते कशाचे? शिवाय आई फोनवर विचारते, "बीअर म्हणजे दारूच ना रे?" तिला काय सांगू?

उत्तर: आईंपासून सुरुवात करू, कारण तो फोन पुन्हा येणार आहे. त्यांना सांगा, दारू नाही. फिलाडेल्फियाच्या चार्ल्स हायर्स नावाच्या औषधविक्रेत्याने १८७६ साली तिथल्या मोठ्या प्रदर्शनात हे पेय लोकांपुढे आणलं. तो मुळ्या, साली आणि पाल्याची कोरडी पुडी विकायचा. २५ सेंटची पुडी घरी न्यायची, उकळायची, साखर आणि थोडं यीस्ट घालायचं की पाच गॅलन पेय तयार. त्याच्या मनात नाव होतं 'रूट टी'. पेनसिल्व्हेनियाचे खाणकामगार चहा कशाला पितील, 'बीअर' म्हण, असं कुणीतरी त्याला सुचवलं, अशी गोष्ट सांगतात. पुढे १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात कित्येक ब्रुअऱ्यांनी रूट बीअर आणि असल्याच पेयांवर दिवस काढले. आज दुकानात मिळते ती साखर, अर्क आणि दाबाने भरलेला गॅस घातलेलं पाणी असते. फक्त 'हार्ड रूट बीअर' नावाचा एक वेगळा प्रकार आहे. २०१५च्या सुमाराला त्याची फार चलती होती, आणि त्यातल्या सगळ्यांत गाजलेल्या बाटलीत ५.९ टक्के अल्कोहोल होतं. बाटली दिसायला तशीच तपकिरी असते. ऑफिसातला कुणी अतिउत्साही ती घेऊन आला नाही ना, एवढं लेबल वाचून बघा.

आता माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे रसायन-तंत्रज्ञानाच्या संस्थेत शिकलो आणि नंतरची बरीच वर्षं अमेरिकेत शीतपेयांच्या प्रयोगशाळेत घालवली. त्या नोकरीचा मोठा भाग म्हणजे छोट्या पेल्यातून घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा आणि थुंकायचा. घरी कुणाला सांगण्यासारखं काम नव्हतं, पण रूट बीअरच्या बाबतीत जे काही कळतं ते त्यातूनच आलंय.

तुमच्या आयोडेक्सचं आधी मिटवू. तुम्हाला भास झाला नव्हता. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलात विंटरग्रीन नावाचं बुटकं झुडूप असतं. त्याच्या पानांच्या तेलात जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेटच असतं. तिथल्याच स्वीट बर्च झाडाच्या सालीतही तेच असतं. आपल्याकडच्या दुखऱ्या गुडघ्याच्या बामवर 'गंधपुरा तेल' असं लिहिलेलं असतं ना? ते विंटरग्रीनच्या भारतीय भावंडाचं तेल, वास तोच. आपण तो वास लहानपणी आजीच्या पाठीला चोळताना घेतला. अमेरिकन मुलाने तो लिमलेटच्या गोळीत घेतला. त्यामुळे एकाच रेणूने त्याला गोळी आठवते आणि आपल्याला गुडघा. ब्रिटिश लोकांचंही असंच होतं. त्यांच्याकडेही हा वास मलमातला, म्हणून रूट बीअर तिथे कधी रुजली नाही. तेव्हा पहिली बाटली आवडली नाही म्हणून स्वतःला परीक्षकपदाला नालायक समजू नका. पण आठवण पुसून टाकल्याशिवाय परीक्षा घेता येणार नाही, आणि ती पुसायची तर नाकाला थोडी शिकवणी द्यावी लागेल.

शिकवणी स्वस्तात होते. विंटरग्रीनच्या गोळ्या औषधांच्या दुकानात मिळतात. 'विंट-ओ-ग्रीन लाइफसेव्हर्स' घ्या, कारण त्यात एक फुकटचा तमाशा आहे. रात्री दिवे घालवून, डोळे अंधाराला सरावले की आरशासमोर तोंड उघडं ठेवून ती गोळी दातांनी फोडा. निळ्या ठिणग्या दिसतात. साखरेचा स्फटिक तुटताना अतिनील प्रकाश निघतो आणि मिथाइल सॅलिसिलेट तो शोषून निळा करून बाहेर टाकतं. चार-पाच गोळ्या अशा खाल्ल्या की त्या वासाची गुडघ्याशी असलेली गाठ सैल होते, हा माझा स्वतःचा अनुभव. बाकीची शिकवणी स्वयंपाकघरातच आहे. ज्येष्ठमधाची काडी, बडीशेप, चक्रीफूल, दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ, व्हॅनिला आणि मोलॅसिस, म्हणजे आपली काकवी. एकेक झाकणाच्या डबीत घाला, आठवडाभर रोज डोळे मिटून हुंगा आणि ओळखा. हा सगळा माल रूट बीअरमध्ये जातो. 'व्हर्जिल्स' बाटलीच्या घटकांची यादी वाचलीत तर आपण रूट बीअर वाचतोय की मसाल्याच्या दुकानाची पावती, असा प्रश्न पडेल: बडीशेपेच्या जातीचा अ‍ॅनिस, ज्येष्ठमध, दालचिनी, लवंग, जायफळ, व्हॅनिला, विंटरग्रीन, स्वीट बर्च, मोलॅसिस. आपल्या घरात वाढलेल्या नाकाला यातलं तीन चतुर्थांश आधीच पाठ असतं. माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या अमेरिकन मुलांना जायफळ आणि जायपत्री वेगळी काढायला महिना लागायचा. आपल्या लोकांना ते आईने श्रीखंडात आणि मसाल्यात शिकवलेलं असतं.

एक वास मात्र तुम्हाला डबीत मिळणार नाही, आणि मूळ रूट बीअरचा जीव तोच होता. सॅसाफ्रास. पूर्वेकडच्या जंगलात रस्त्याकडेला वाढणारं झाड, एकाच फांदीवर तीन आकारांची पानं: एक साधं लांबट, एक अंगठा असलेल्या हातमोज्यासारखं, एक तीन बोटांचं. पेनसिल्व्हेनियात एकदा मी याचं वीतभर रोप मुळासकट उपटून नखाने साल खरवडली. तोवर दहा वर्षं रूट बीअर चाखत होतो, पण तो वास ज्याची नक्कल करतो ते अस्सल पहिल्यांदा तेव्हा नाकात गेलं. गोड, लिंबाचं साल चोळल्यासारखं, मागे किंचित बडीशेप. या मुळातलं सॅफ्रोल उंदरांना यकृताचा कर्करोग करतं असं दिसल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९६०मध्ये त्यावर बंदी घातली. तेव्हापासून दुकानातली प्रत्येक रूट बीअर ही एका हरवलेल्या चवीची आठवणीवरून काढलेली तसबीर आहे. कुणी ती विंटरग्रीनने रंगवली, कुणी व्हॅनिलाने, कुणी अ‍ॅनिसने, तर कुणी सॅफ्रोल काढून टाकलेला सॅसाफ्रासचा अर्क वापरून. म्हणून 'खरी रूट बीअर कोणती' या वादात पडू नका. ऑफिसात तो वाद होणार, तुम्ही परीक्षक म्हणून गप्प बसा.

कोणी कशाने रंगवली यावरून घराणी पडतात. बाटली आपल्या घराण्यात कशी आहे हे बघायचं, म्हणजे ठुमरीला धृपदाचे निकष लागत नाहीत. विस्कॉन्सिनचं घराणं दाट, मऊ, भरपूर फेसाचं. तुमच्या गावची 'स्प्रेकर' त्याचा नमुना. पॅब्स्ट या बीअरच्या कंपनीतून कामावरून कमी केलेल्या रँडल स्प्रेकर यांनी १९८५मध्ये ब्रुअरी काढली. तिथली रूट बीअर अजूनही ज्योतीवर तापवलेल्या किटलीत होते आणि तिच्यात विस्कॉन्सिनचा मध पडतो. तो मध पहिल्या घोटात नसतो, गिळल्यावर जिभेच्या मागे येतो. दक्षिणेचं घराणं याच्या अगदी उलट. मिसिसिपीतल्या बिलॉक्सीची 'बार्क्स', १८९८ची. फेस जेमतेम, गोडी आवरती, घशाला चावा. तिच्यात कॅफीनही असतं, जे बहुतेक रूट बीअरमध्ये नसतं. रात्री मुलांना देणार असाल तर एवढं लक्षात असू द्या. लुइझियानाची 'अबिता' त्याच भागातली, पण उसाच्या साखरेची आणि स्वभावाने शांत. पेनसिल्व्हेनिया-न्यू जर्सीकडे बर्च बीअर चालते. ती रूट बीअरची चुलत बहीण, जिच्यात विंटरग्रीनचा वास उघड्यावर असतो. 'बॉयलन' ही १८९१मध्ये न्यू जर्सीत सुरू झालेली पेढी मुळात बर्चसाठीच प्रसिद्ध. तुमचा आयोडेक्स बहुधा याच घरातला. सगळ्यांना ठाऊक असलेली 'ए अँड डब्ल्यू' कॅलिफोर्नियातल्या लोडाय गावच्या १९१९च्या गाड्यावरून निघाली. तिचा रोख व्हॅनिलाकडे. तीत काही चुकीचं सापडत नाही आणि फार काही सापडतही नाही.

'सार्सापरिला' लिहिलेली बाटली आली तर जुन्या पश्चिमेचा घोडेस्वार लेबलवर असेल. 'सू सिटी' नावाची एक तशी मिळते, जिचा आयोवातल्या सू सिटीशी संबंध नाही. ती न्यूयॉर्कच्या कंपनीची आहे. सार्सापरिला हे मध्य अमेरिकेतल्या काटेरी वेलीचं मूळ. इंग्रजांनी आपल्या उपळसरीला, म्हणजे अनंतमुळाला, 'इंडियन सार्सापरिला' म्हटलं ते वापर सारखा होता म्हणून. वनस्पती पूर्णपणे वेगळ्या. वासात मात्र आपली उपळसरी सरस आहे. तिचा वास ज्या रेणूचा, तो व्हॅनिलाच्या मुख्य रेणूचा सख्खा भाऊ. तेच अणू, तितकेच, फक्त जागा बदललेल्या. उपळसरीकडे शेवटी परत येतो.

आता फेस. रूट बीअरचा फेस कोकच्या फेसासारखा लगेच बसत नाही आणि बसूही नये. तो टिकवायला चिलीतल्या क्विलाया झाडाची साल किंवा अमेरिकन वाळवंटातल्या युक्काचा अर्क घालतात. दोन्हींत सॅपोनिन असतं, म्हणजे रिठ्यात असतं तेच. आजी केस धुवायला रिठे भिजवायची तेव्हा तपेल्यात जो बारीक, दाट फेस यायचा, नेमका तो. चांगला फेस बारीक बुडबुड्यांचा, साधारण बोटभर, आणि मिनिटभर तरी टिकणारा. हातात मोबाइल आहेच, सेकंद मोजा. पण फेसाला मी फार गुण देत नाही. तो घालता येतो, चव घालता येत नाही.

साखरेबद्दल ऑफिसात हमखास एकजण सांगेल की उसाच्या साखरेची बाटली चांगली आणि कॉर्न सिरपची, म्हणजे मक्याच्या पाकाची, वाईट. हे अर्धवट खरं आहे. आम्ल पाण्यात उसाची साखर आपोआप तुटते आणि तिचे ग्लुकोज-फ्रुक्टोज होतात, म्हणजे कॉर्न सिरपमध्ये असतात तेच. कोला किंवा लिंबू सोडा फार आंबट, त्यामुळे महिनोन्‌महिने शेल्फवर पडलेल्या बाटलीत 'केन शुगर' हा शब्द लेबलवर जास्त आणि आत कमी उरतो. रूट बीअर मात्र सोड्यांमध्ये सगळ्यांत कमी आंबट पेयांपैकी, तिच्यात हे हळू घडतं, म्हणून इथे फरक थोडाफार कळू शकतो. तरी त्याहून जास्त कळतो तो साखरेचा भार. ३५५ मिलीच्या बाटलीत ४० ते ४७ ग्राम साखर असते. शंभर मिलीला अकरा ते तेरा ग्राम. इतकी साखर अंगावर घ्यायला मसाल्यात दम लागतो. दम नसेल तर पेय गुळचट होतं, आणि गुळचट हा शब्द माझ्या वहीत सगळ्यांत जास्त वेळा आहे.

वहीवरून सांगतो, शेरे मराठीत लिहा. मी प्रयोगशाळेत इंग्रजीत लिहायचो आणि घरच्या वहीत मराठीत, आणि घरची वही नेहमी जास्त कामाची निघाली. पाणचट, सपक, गुळचट, गोडमिट्ट, तुरट, कडवट, उग्र, मचूळ, खमंग. घशाला ठसका देणारी वेगळी, नाकात झिणझिण्या आणणारी वेगळी. 'पाणचट' म्हटलं की अर्क कमी पडला हे कळतं. 'सपक' म्हटलं की अर्क आहे, पण वर उठणारं काही नाही. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द लिहून मी मोकळा व्हायचो आणि महिन्याने वाचताना डोकं खाजवायचो.

प्रत्यक्ष दिवशी काय करायचं ते आता. बारा बाटल्या एका बैठकीत चाखू नका. सहा-सहाच्या दोन बैठका, मध्ये निदान तासभर. विंटरग्रीन, लवंग, दालचिनी हे जिभेला हळूहळू बधिर करतात. सातव्या पेल्यानंतर तुम्ही पेयाला गुण देत नसता, थकलेल्या जिभेला देत असता. बाटल्या बर्फगार नकोत. फ्रिजमधून पंधरा मिनिटं आधी काढा, सात-आठ अंशांवर येऊ द्या. गारठलेल्या पेयाचा वास वर येत नाही आणि गोडीही लपते. काचेचे पेले, प्रत्येकात साठ मिली, बर्फ अजिबात नाही. मध्ये साधं पाणी आणि काहीतरी बेचव खायला. अमेरिकन लोक बिनमिठाचे क्रॅकर वापरतात, मी साधे कुरमुरे वापरतो, ते जीभ छान पुसतात. त्या दिवशी दुपारच्या डब्यात ठेचा नको, आणि दोन तास आधीपासून कॉफी नको.

लेबलं दिसता कामा नयेत. मिलवॉकीत तर नकोतच, तिथे अर्ध्या लोकांनी स्प्रेकरला घरूनच पहिला नंबर देऊन आणलेला असतो. तुम्हीही ते नाव ऐकून गेलेले असणार. दुसऱ्या खोलीत कुणाला तरी ओतायला सांगा. पेल्यांना १, २, ३ किंवा अ, ब, क असे क्रमांक नकोत, कारण माणसाचा हात नकळत 'एक' आणि 'अ'कडे जातो. ४१७, ८५२, २६९ असे कुठलेही तीन आकडी अंक द्या. एक फेरी झाली की पाणी पिऊन तेच पेले उलट्या क्रमाने चाखा.

आणि ओतणाऱ्याच्या कानात सांगा की एक बाटली दोन वेगळ्या आकड्यांनी दोनदा आण, पण कोणती ते मला सांगू नको. ही युक्ती मला फार महागात पडून कळली. एका गावच्या जत्रेत मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. मी ऐटीत गुण दिले: एका पेल्याला २०पैकी १६, दुसऱ्याला ११, वर 'मसाल्याचा तोल गेलाय' असा शेरा. आयोजकांच्या हिशेबनीसबाईंनी शांतपणे यादी पुढे केली. दोन्ही पेले एकाच बाटलीतले. काय झालं होतं ते नंतर उमगलं. दुसऱ्याच्या आधीचा पेला कडक विंटरग्रीनच्या बर्च बीअरचा होता आणि त्याने माझी जीभ इतकी व्यापली की नंतरच्या मऊ पेयात मला फक्त साखर लागली. तेव्हापासून जुळा पेला असल्याशिवाय मी गुणपत्रिकेवर सही करत नाही. तुमच्या दोन जुळ्यांच्या गुणांत तीनचा फरक पडला, तर बाकी यादीतही तीन गुणांपर्यंतच्या फरकाला बरोबरी समजा.

गुणांची माझी वाटणी २०ची आहे. वासाला ५, फेस आणि फसफसीला ३, चवीला ७, शेवटच्या घोटाला ५. यातली फसफस थोडी समजावतो. जिभेला जे चावतं ते बुडबुडे नसतात. विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचं जिभेवर आम्ल होतं, त्याचा तो चावा. हा चावा गोडीला दाबतो. थंडीही गोडीला दाबते. म्हणजे थंड, फसफसती बाटली ही नटूनथटून आलेली बाटली, तिच्या अंगचं काय आहे ते कळत नाही. म्हणून चवीच्या ७ गुणांपैकी ३च मी थंड असताना देतो. मग प्रत्येक पेयाचा एक पेला बाजूला ठेवतो, चमच्याने ढवळून गॅस काढतो आणि खोलीच्या तापमानाला येऊ देतो. अर्ध्या तासाने तोच पेला पुन्हा चाखतो आणि उरलेले ४ गुण तेव्हा देतो.

हे करून बघा, बाकी काही नाही केलं तरी चालेल. गॅस गेलेली, कोमट रूट बीअर प्यायला कुणालाच आवडत नाही, पण तिच्यात पाककृती उघडी पडते. कित्येक पेयांत तिथे नुसतं साखरपाणी आणि मागे कृत्रिम व्हॅनिलाचा मेणचट वास उरतो, किंवा टिकवण्यासाठी घातलेल्या सोडियम बेंझोएटची घशातली चरचर, जी आधी गॅसच्या चाव्यात लपली होती. उलट चांगल्या पेयांत तिथेच गंमत सुरू होते. स्प्रेकरच्या गॅस गेलेल्या पेल्यात मला आधी मध लागतो, मग व्हॅनिला, आणि गिळल्यावर ज्येष्ठमधाची ती गोडी जी साखर गेल्यावरही जिभेच्या कडेला चिकटून राहते. व्हर्जिल्सच्या पेल्यात बडीशेप आणि लवंग वेगवेगळ्या मोजता येतात, जवळजवळ काढ्यासारखं. थंड असताना अव्वल वाटलेली एखादी गुळगुळीत बाटली इथे चार गुणांनी खाली येते, असं मी कितीदा पाहिलंय.

शेवटच्या घोटाचे ५ गुण का, तेही सांगतो. १९७५मध्ये पेप्सीने रस्त्यावर लोकांना दोन पेले देऊन पेप्सी की कोक विचारायला सुरुवात केली आणि बऱ्याच लोकांनी पेप्सीला कौल दिला. घोटभर प्यायचं असेल तर जास्त गोड पेय जिंकतं. पूर्ण बाटली प्यायची असेल तर तीच गोडी अंगावर येते. परीक्षक नेहमी घोट घेतो, पिणारा बाटली संपवतो. म्हणून बैठक संपल्यावर वरच्या तीन पेयांचा प्रत्येकी एक पूर्ण ग्लास, वेगवेगळ्या दिवशी, जेवताना प्या. अर्ध्यावर ग्लास बाजूला सरकला का, याचं उत्तर हेच ते ५ गुण. तुमचा निकाल त्याच संध्याकाळी हवा असेल तर निदान पहिल्या दोघींचा अर्धा-अर्धा ग्लास संपवा.

आवड आणि दर्जा एकाच आकड्यात कोंबू नका. आवडीसाठी 'अजिबात आवडलं नाही' ते 'फार आवडलं' अशी नऊ पायऱ्यांची पट्टी असते. ती अमेरिकन लष्कराच्या जेवणासाठी तयार झाली आणि आजही सगळीकडे चालते. ती बाजूला वेगळी लिहा. मला बर्च बीअर अजूनही पाचच्या वर आवडत नाही, पण चांगल्या बर्चला मी २०पैकी १७ दिलेत. सहकाऱ्यांचे गुण गोळा करणार असाल तर त्यांची सरासरीही काढू नका. कुणी सगळ्यांना १८ देतं, कुणी ९च्या वर चढत नाही. प्रत्येकाकडून पहिली ते बारावी असा क्रम घ्या आणि क्रमांची बेरीज करा, जिची बेरीज कमी ती वर.

कुणी रूट बीअर नसलेली बाटली आणली तर? क्रीम सोडा आणली तर व्हॅनिला कितपत खरी वाटते तेवढं बघा. आल्याच्या बाटलीत तिखटपणा गिळल्यावर वाढतो की विझतो ते बघा, वाढायला हवा. न्यू इंग्लंडची 'मॉक्सी' आली तर थोडं थांबा. तीत जेन्शियन नावाची अत्यंत कडू मुळी असते. पहिला घोट चिरायत्याच्या काढ्यासारखा लागतो, तिसऱ्याला मजा यायला लागते. मेन राज्याने २००५मध्ये तिला आपलं अधिकृत पेय ठरवलं. न्यूयॉर्कची सेलरीच्या बियांची 'सेल-रे' आली तर ती एकटी पिऊ नका, तिच्यासोबत खारट काहीतरी लागतं. तिथे पास्त्रामीचं सँडविच खातात, मी बटाट्याच्या चिवड्याबरोबर प्यायलोय आणि जोडी उत्तम जमली.

आता उपळसरी. तुमच्या जवळच्या भारतीय किराणा दुकानात 'नन्नारी सिरप' मिळेल, दाक्षिणात्य मालाच्या कप्प्यात. ते उपळसरीच्या मुळाचंच असतं. एक भाग सिरप, पाच भाग थंडगार साधा सोडा, लिंबाचे चार थेंब. ओतणाऱ्या माणसाला विश्वासात घ्या आणि हा तेरावा पेला तीन आकडी अंक लावून सहकाऱ्यांच्या रांगेत सरकवून द्या. मी दोनदा केलंय. एकदा तो पाचवा आला आणि एका विस्कॉन्सिनच्या आजोबांनी शेरा लिहिला होता, "लहानपणी आमच्या शेतावर करायचे तशी." दुसऱ्या वेळी शेवटून दुसरा. तुमच्याकडे कितवा येतो ते मला कळवा, आणि जुळ्या पेल्यांच्या गुणांत किती फरक पडला तेही.